संगणकभाषा कोणी निवडावी?

सार्वजनिक उपक्रमांच्या आणि शासकीय कार्यालयांच्या निविदा चाळल्या, तर वेबप्रणालीच्या विकासाविषयीच्या परिच्छेदात एका ठरावीक आशयाचे वाक्य हमखास सापडते : प्रणाली अद्ययावत व योग्य तंत्रज्ञानावर विकसित करण्यात यावी. वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा होतो की, प्रणाली कोणत्या संगणकभाषेत लिहायची हा निर्णय खरेदीदाराने विक्रेत्याला बहाल केला. इमारतीच्या निविदेत सिमेंट कोणत्या प्रतीचे आणि सळई किती जाडीची हे रकाने भरून लिहिणारे आपण, पंधरा-वीस वर्षे वापरायच्या प्रणालीच्या बाबतीत 'योग्य ते' एवढ्यावर समाधान मानतो.

यावर सहकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. हा तांत्रिक विषय आहे, तो तंत्रज्ञांनी ठरवावा. या उत्तराला माझा स्पष्ट विरोध आहे. कोणती भाषा देखणी आणि कोणती वेगवान, हा वाद तंत्रज्ञांनी खुशाल घालावा. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. आज लिहून घेतलेली प्रणाली दहा वर्षांनी बदलायची झाली, तर ती बदलण्याचे सामर्थ्य कोणाच्या हाती असेल? हा प्रश्न प्रशासनाचा आहे, आणि तो न विचारता फाइलवर सही करणारा अधिकारी आपले काम टाळत असतो.

नियम आता कोठे राहतात?

पूर्वी नियम परिपत्रकात राहत असे. दर बदलला, मर्यादा वाढली, एखादी अट शिथिल झाली, की परिपत्रक निघे आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीवरचा लिपिक नव्या नियमाने काम करू लागे. आज परिपत्रक निघते, पण नियम अमलात येतो तो प्रणालीतील सोर्स कोड बदलल्यावर. वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी नवे दर ठरवले आणि त्यांपैकी बहुतेक २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. मधल्या १९ दिवसांत देशभरच्या देयक-प्रणाली बदलायच्या होत्या. ज्यांच्याकडे आपली प्रणाली वाचू शकणारी माणसे होती, त्यांच्यासाठी हे काही दिवसांचे काम होते. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना विक्रेत्याच्या दूरध्वनीची वाट पाहावी लागली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

एका सार्वजनिक उपक्रमातील प्रकार मी जवळून पाहिला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी तेथे वेबप्रणाली होती. संचालक मंडळाने प्रतिपूर्तीची मर्यादा वाढवली, आणि वयाच्या ऐंशी वर्षांपुढील निवृत्तांना एका अटीतून सूट दिली. ठराव एकमताने झाला, परिपत्रकही निघाले. परंतु प्रणाली जुनी मर्यादाच दाखवत राहिली. ती ज्या कंत्राटदाराने लिहिली होती, त्याने भाषा प्रचलित वापरली होती, पण तिच्यावर आपल्या घरचा एक साचा चढवला होता. त्या साच्याचे कागदपत्र कोणाकडेच नव्हते. कंत्राट संपलेले, माणसे पांगलेली. नव्या कंत्राटदाराने सोर्स कोड पाहिला आणि सगळे नव्याने लिहावे लागेल असे कळवले. तोवर कित्येक महिने ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची माणसे रुग्णालयाची बिले पाकिटात घालून नोंदणीकृत टपालाने पाठवत होती. मंडळाच्या ठरावापेक्षा एका निघून गेलेल्या कंत्राटदाराचा शब्द अधिक चालतो, हे त्या वृद्धांना कळले. आपल्याला ते कळायला हवे.

हा दोष केवळ आपला आहे असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल ही भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. करोनामुळे बेरोजगार भत्त्याचे अर्ज लोंढ्याने येत होते आणि ती प्रणाली चाळीस वर्षांहून जुनी होती. कोबोलची जुळवाजुळव १९५९ साली सुरू झाली, म्हणजे भाषा साठीची. पण दोष तिच्या वयाचा होता असे मला वाटत नाही. कोबोलमधील प्रणाली जगभरच्या बँकांत आजही इमानेइतबारे चालतात, कारण त्या बँका ती जाणणारी माणसे पगार देऊन सांभाळतात. भाषा जुनी झाल्याने प्रणाली मरत नाही. ती वाचणारा पदावर उरला नाही, की मरते.

निवडणारा एक, भोगणारा दुसरा

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते व्यवहार-खर्चाच्या आणि संस्थांतर्गत नियमनाच्या विवेचनासाठी. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट प्रत्येक निविदा समितीने भिंतीवर लावावी अशी आहे. करारापूर्वी विक्रेते अनेक असतात, म्हणून स्पर्धा असते. करार झाला आणि त्या विशिष्ट व्यवहारासाठी गुंतवणूक झाली, की खरेदीदारापुढे एकच विक्रेता उरतो. स्पर्धेचे रूपांतर मक्तेदारीत होते, आणि तेही आपल्या सहीने. निविदेत सर्वांत कमी दर देणारा कंत्राटदार पहिल्या पाच वर्षांत गमावलेला नफा पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीत वसूल करतो. मग फाइलवर टिपणी येते की हे काम अन्य कोणी करू शकत नाही, आणि जनरल फायनान्शियल रूल्स, २०१७ मधील नियम १६६ खाली एकल निविदेला मान्यता मागितली जाते. टिपणी खोटी नसते. ती खरी ठरावी अशी व्यवस्था पाच वर्षांपूर्वीच झालेली असते, एवढेच.

भाषा निवडताना टेबलाभोवती कोण असते, ते पाहू. विक्रेत्याला ती भाषा हवी असते जिची माणसे त्या महिन्यात त्याच्याकडे रिकामी बसली आहेत. तरुण अभियंत्याला ती हवी असते जी त्याच्या पुढच्या नोकरीच्या अर्जात शोभून दिसेल. सल्लागाराला ती हवी असते जिचे नाव सादरीकरणात नवे वाटेल. आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याला तीन वर्षांच्या कार्यकाळात उद्घाटन हवे असते. यांपैकी एकही जण सातव्या वर्षी तेथे नसतो. सातव्या वर्षी तेथे असतो तो नागरिक, आणि कार्यालयातील एखादा कनिष्ठ कर्मचारी, ज्याला निवडीच्या वेळी कोणीही विचारलेले नसते. निवडीचा लाभ एकाला आणि खर्च दुसऱ्याला, अशी रचना असेल तेथे निवड चुकणारच. त्यासाठी कोणी भ्रष्ट असण्याची गरज नाही.

'अद्ययावत' या शब्दाची किंमत

अद्ययावत असणे हा गुण आहे असे आपण गृहीत धरतो. थोडा इतिहास पाहावा. व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ साली आली आणि आपल्या कार्यालयांत घरोघरी पोहोचली. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे उरलेले पाठबळही काढून घेतले. फ्लॅशवर बांधलेली पाने ३१ डिसेंबर २०२० नंतर निराधार झाली. सिल्व्हरलाइटचे पाठबळ ऑक्टोबर २०२१ मध्ये संपले. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, आणि केवळ त्याच्यावरच उघडणारी सरकारी पाने ज्यांनी लिहून घेतली होती, त्यांची पंचाईत झाली. यांतील प्रत्येक वस्तू आपापल्या काळी अद्ययावतच होती.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. भाषा वेगळी आणि तिच्यावर उभारलेला साचा, ज्याला फ्रेमवर्क म्हणतात, तो वेगळा. जावा, पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषा १९९५ साली लोकांपुढे आल्या. पायथन १९९१ साली. चारही आज जोमात आहेत. साच्यांचे आयुष्य मात्र अल्प असते. अँग्युलरजेएस हा साचा २०१० साली आला. त्याची नवी आवृत्ती २०१६ मध्ये आली ती जुनीशी न जुळणारी, आणि जुन्याचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२१ रोजी थांबले. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेचेही तसेच. भाषा कायम राहिली, २०१६ पासून ती लिनक्सवर मुक्त स्वरूपात चालूही लागली, परंतु जुन्या वेब फॉर्म्स पद्धतीची पाने त्या नव्या घरात नेता आली नाहीत. समितीत भाषेवर दोन तास चर्चा होते, आणि ज्याचे आयुष्य सर्वांत कमी तो साचा कंत्राटदार मागाहून गुपचूप निवडतो.

भाषा मुक्त आहे म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. नवी आवृत्ती फुकट मिळते, पण जुना कोड तिच्यावर आणण्याचे श्रम फुकट नसतात. त्या श्रमांची तरतूद ज्या अंदाजपत्रकात नाही, ते अंदाजपत्रक अपुरे आहे. परवान्याचेही असेच. ओरॅकलने जानेवारी २०१९ पासून जावा ८ च्या व्यापारी वापरासाठीची मोफत अद्यतने बंद केली, आणि जानेवारी २०२३ पासून कंपनीच्या एकूण कर्मचारी-संख्येवर आकारणी सुरू केली. पन्नास हजार कर्मचाऱ्यांच्या उपक्रमात जावा दहाच यंत्रांवर चालत असली, तरी हिशेब पन्नास हजारांचा. ओपनजेडीके ही तीच भाषा मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. निविदेत एक शब्द अधिक लिहिला, तर हा सगळा खर्च टळतो. तो शब्द तंत्रज्ञाने सुचवायचा. लिहिला गेला की नाही, हे अधिकाऱ्याने पाहायचे.

आपल्या भाषांचा प्रश्न

भारतीय प्रशासनाला आणखी एक कसोटी लावणे भाग आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. 'मराठी' हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये तो पाच चिन्हांचा : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना त्यातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. या शब्दाची लांबी जावाला विचारली तर उत्तर ५ येते. पीएचपीच्या नेहमीच्या फलनाला विचारली तर १५. पीएचपीत यासाठी निराळी फलने आहेत, पण ती वापरण्याचे भान लिहिणाऱ्याला हवे. भाषेच्या गाभ्यातच युनिकोड आणण्याचा पीएचपी ६ चा प्रयत्न २०१० साली सोडून देण्यात आला.

ही केवळ तंत्राची बारीकी नाही. नावासाठी ३० बाइटांचा रकाना ठेवला, तर रोमन लिपीत नाव आणि आडनाव आरामात बसते. 'ज्ञानेश्वर' एवढे लिहिले की ३० बाइट संपतात, आडनावाला जागा उरत नाही. तमिळ, बंगाली, ओडिया, मल्याळम या सर्वांची गत हीच. अर्धवट कापलेले नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही, आणि न जुळलेल्या नावापायी माणसाला तालुक्याला चार खेपा घालाव्या लागतात. हा देश बावीस अनुसूचित भाषांचा आहे. जी मंडळी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिच्यात दहा भारतीय लिप्यांतील लांब नावे भरून पाहत नाहीत, त्यांनी ती प्रणाली भारतासाठी घेतली असे मी मानत नाही.

मग एकच भाषा सक्तीची करावी काय?

एवढे ऐकल्यावर काही उत्साही अधिकारी लगेच परिपत्रक काढायला निघतील : यापुढे सर्व कार्यालयांनी अमुक भाषाच वापरावी. हा उपाय करून झालेला आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात १९७० च्या दशकात शेकडो संगणकभाषा वापरात होत्या. कंटाळून त्यांनी एडा ही नवी भाषा घडवून घेतली आणि १९८७ साली तिची सक्ती केली. भाषा उत्तम होती. विमाने आणि रेल्वेच्या नियंत्रणात ती आजही वापरली जाते. परंतु बाहेरच्या बाजारात ती जाणणारी माणसे पुरेशी तयार झाली नाहीत, आणि १९९७ साली सक्ती मागे घ्यावी लागली. जगातील सर्वांत मोठ्या खरेदीदारालाही हुकुमाने भाषेचा बाजार निर्माण करता आला नाही. आपल्या एखाद्या मंत्रालयाच्या परिपत्रकाने तो होईल, ही आशा व्यर्थ आहे.

खरे तर नवे परिपत्रक नकोच. भारत सरकारचे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरविषयीचे धोरण २०१५ साली जाहीर झाले आहे. विक्रेत्यांनी मुक्त-स्रोत पर्यायाचाही विचार करावा आणि तो वगळल्यास कारणे द्यावीत, अशी अट निविदेत असली पाहिजे, असे ते धोरण सांगते. दोन्ही पर्यायांची तुलना क्षमता, धोरणात्मक नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षा, आयुष्यभराचा खर्च आणि पाठबळाची गरज या सहा निकषांवर करावी, असेही त्यात आहे. यातील 'धोरणात्मक नियंत्रण' हा निकष म्हणजे मी वर सांगितलेला प्रश्नच होय. माझ्यापुढे आलेल्या फाइलींत या सहांपैकी बहुधा एकाच निकषाचा, म्हणजे क्षमतेचा, उल्लेख असे. उरलेले पाच कोणी लिहिले नाहीत, कारण कोणी विचारले नाहीत.

काय विचारावे?

संगणकाची पदवी नसलेल्या अधिकाऱ्यालाही विचारता येतील असे पाच प्रश्न येथे देतो.

१. ही भाषा जाणणारे कायम सेवेतील किती लोक आज आपल्याकडे आहेत? नसतील, तर रांची, भोपाळ किंवा गुवाहाटी येथे ती जाणणारा माणूस महिन्याभरात मिळेल काय? केवळ बंगळुरूत मिळतो, हे उत्तर पुरेसे नाही.

२. भाषा आणि साचा या दोहोंवर कोणाची मालकी आहे, परवाना कोणता आहे, आणि मालकाने उद्या अटी बदलल्या तर आपल्यापुढे दुसरा मार्ग कोणता?

३. निवडलेल्या आवृत्तीचे पाठबळ कोणत्या वर्षापर्यंत आहे? त्यानंतरच्या आवृत्तीवर जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली दाखवला आहे?

४. भारतीय लिप्यांतील नावे, पत्ते, क्रमवारी आणि शोध यांची चाचणी झाली काय?

५. अखेरचा हप्ता देण्यापूर्वी सोर्स कोड आणि कागदपत्रे एखाद्या त्रयस्थ चमूच्या हाती देऊन, कोऱ्या यंत्रावर प्रणाली नव्याने उभी करून दाखवली काय?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सोर्स कोडची मालकी आपली, असे कलम बहुतेक करारांत असते. पण ज्यातून प्रणाली उभी करता येत नाही असा कोड म्हणजे किल्ली नसलेली तिजोरी. ती आपल्याच खोलीत आहे, याचा उपयोग काय?

काही आक्षेप

पहिला आक्षेप वेगाचा. लाखो लोक एकाच वेळी येतील, तेव्हा सर्वांत वेगवान भाषा हवी. अर्ज भरून घेणाऱ्या आणि नोंदी दाखवणाऱ्या प्रणालींत बराचसा वेळ विदागाराची आणि जाळ्याची वाट पाहण्यात जातो. भाषेचा वाटा त्या मानाने थोडा असतो. विकिपीडिया पीएचपीवर चालतो. फेसबुकची सुरुवात पीएचपीत झाली, आणि वेग कमी पडू लागला तेव्हा त्यांनी सगळे टाकून न देता पीएचपीपासूनच २०१४ साली हॅक ही भाषा काढली. ट्विटरने रूबी सोडून जावाच्या कुळातील साधनांकडे धाव घेतली खरी, पण त्यांच्यापाशी तसे करू शकणारे अभियंते स्वतःचे होते. आपल्यापाशी ते नाहीत. म्हणूनच निवड करताना आपण अधिक जपून असले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, जुनी भाषा निवडली तर हुशार तरुण येणार नाहीत. हुशार तरुण आपल्याकडे भाषेसाठी येत नाहीत आणि भाषेमुळे जातही नाहीत. ते जातात ते अकरा महिन्यांच्या करारामुळे.

तिसरा आक्षेप अलीकडचा. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एका भाषेतला कोड दुसरीत करून देते, तेव्हा निवडीचे महत्त्व संपले. कोड लिहिणे स्वस्त झाले, हे मान्य. पण भाषांतरित कोडमध्ये निवृत्तिवेतनाचा नियम जसाच्या तसा उतरला आहे, अशी ग्वाही फाइलवर कोणीतरी द्यावी लागेल. ती देण्यासाठी कोड वाचता आला पाहिजे. लिहिणे जितके स्वस्त होईल, तितके वाचणाऱ्याचे मोल वाढेल.

माझे मत

साध्या नोंदी आणि अर्जांच्या वेबप्रणालीसाठी जावा, पीएचपी किंवा पायथन यांपैकी जी आपल्या कायम कर्मचाऱ्यांना येते ती घ्यावी, असे माझे मत आहे. तिघींपैकी कोणती, याला मी दुय्यम मानतो. एक निवडावी, तिच्यावर टिकावे, तिचा एकच रुळलेला साचा घ्यावा, आणि दरवर्षी थोडे पैसे तिच्या डागडुजीवर खर्चावेत. एकाच उपक्रमाच्या चार विभागांनी चार भाषा पाळू नयेत. एन.आय.सी. म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ पासून उभे आहे आणि त्याची माणसे जिल्ह्यापर्यंत आहेत. निवडलेली भाषा त्यांना येत असेल, तर कंत्राटदार गेल्यावरही दार ठोठावायला एक घर उरते.

हे सगळे नीरस आहे, याची मला कल्पना आहे. उद्घाटनाच्या फलकावर 'जुनी, परिचित व सर्वांना येणारी भाषा' असे कोणी लिहीत नाही. पण रस्ता डांबरी करावा की सिमेंटचा, हे ठरवताना आपण आयुष्यभराचा खर्च मांडतोच, आणि त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तोच हिशेब येथे मांडायचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी 'अद्ययावत व योग्य तंत्रज्ञान' असे शब्द असलेला निविदेचा मसुदा समोर आला, तर सहकाऱ्यांनी तो एका ओळीची टिपणी लिहून परत पाठवावा : कंत्राटदार गेल्यावर ही प्रणाली कोण बदलणार, त्याचे पदनाम लिहा. पदनाम लिहिता आले, तरच सही करावी.